तक्ता उजवीकडून वाचा

४ फेब्रुवारी

ती. बाबांस, नमस्कार.

धडधाकट पोचले. खोली गारठलेली होती आणि खिडकीतल्या रोपाने मान टाकली होती. त्याला पाणी घातलंय, जगलं तर त्याचं नशीब. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघं "बरं, बरं" म्हणतो आणि गप्प बसतो. बोलणं हा आईचा प्रांत होता. तुमचं मला आणि माझं तुम्हाला तीच सांगायची. आता ती नाही, तर निदान कागदावर तरी धड बोलू या.

निघताना तुम्ही विचारलं होतंत, दुकानात कुणी "मुलगी काय करते" विचारलं तर काय सांगायचं. "काँप्युटरवर काहीतरी" हे सांगताना तुमचा चेहरा कसनुसा होतो, ते मी पाहिलंय. तेव्हा नीट ऐका.

पदार्थाच्या अगदी आत जे कण आहेत, त्यांना एकत्र धरणारा एक डिंक आहे. कण जवळ असले की तो सैल असतो, लांब ओढायला गेलं की घट्ट होतो. डिंक पातळ असता तर गणित कागदावर सुटलं असतं. तो इतका घट्ट आहे की कागदावर काही हाती लागत नाही. म्हणून आम्ही जागा आणि वेळ या दोघांनाच चौकटीच्या वहीसारखं आखून घेतो. तिला जाळी म्हणा. जाळीच्या प्रत्येक रेघेवर डिंकाची स्थिती मांडायची आणि मशीनला सांगायचं, नियम पाळून ही हलवत राहा. दर थोड्या वेळाने त्याचं एक चित्र काढून ठेवायचं. एका चित्राला काही अर्थ नसतो. ढीगभर चित्रं जमली की त्यांच्या सरासरीतून कणाचं वजन निघतं.

माझा डिंक खऱ्या जगातला नाही, त्याचा चुलतभाऊ आहे, जास्त चिकट. इतर कणांना वजन देणारा एक कण आहे, त्याला सगळे एकसंध समजतात. आमचा संशय असा, की तोही आतून अशाच एखाद्या डिंकाने जोडलेला असेल. तसं असेल तर माझ्या जाळीत एक अगदी हलका कण दिसायला हवा. तो दिसतो का, एवढंच माझं काम. गिऱ्हाइकांना सांगा, बाप भिंगातून बघतो आणि लेक जाळीतून.

आता कामाचं. माझ्या चष्म्याची काडी तुटली आणि उजव्या काचेला तडा गेलाय. इथल्या दुकानात जायला पाय उचलत नाही, तुमच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. नंबर तुमच्याकडे आहेच. एक साधी फ्रेम बघून पाठवून द्या.

तुमची,
भिंगरी

१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच उघडलं आणि मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हातारा जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाला, पण डिंकाशी त्याला अजून पटवून घेता येत नाही. आपल्या स्टुलावर बसून त्याने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायला घेतलं. इतकी वर्षं तो माझ्या दुकानात बसतोय, एक चष्म्याची पिशवी काही विकत घेतली नाही.

माझं उत्तम चाललंय. सकाळी शटर वर करतो, तीन-चार गिऱ्हाइकं होतात, दुपारी जरा डोळा लागतो. आपलं मांजर काचेच्या खिडकीत फ्रेमांच्या मधोमध उन्हात झोपलेलं असतं. लोक त्याला बघायला थांबतात आणि चष्मा न घेता जातात. काळजी करू नकोस.

तुझ्या मशीनचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली. तू लहान होतीस तेव्हाची. एक बस ड्रायव्हर डोळे तपासायला आला होता. त्याला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितलं, तर गड्याने वरपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत एका दमात म्हणून टाकला. मी म्हटलं, वा, आता जरा उजवीकडून डावीकडे वाचा. तो घामाघूम झाला. आदल्या दिवशी दुकानाबाहेर उभा राहून त्याने अख्खा तक्ता पाठ केला होता, नोकरी जाईल या भीतीने. अगं, खरं बघणारा माणूस अडखळतो. डोळे बारीक करतो, 'प'चा 'ष' करतो, पुन्हा सुधारतो. जो अडखळत नाही त्याला मी सोडत नाही. तुझी आई मात्र माझ्यावरच डाफरली. त्या ड्रायव्हरला खुर्ची दिली, पाणी दिलं. शेवटी त्याला फक्त एक चष्मा हवा होता, तो मी दिला, आणि तो पुढे निवृत्त होईपर्यंत बस चालवत होता.

तुझा चष्मा पाठवतोच. जेवणाची आबाळ करू नकोस.

बाबा

११ मार्च

ती. बाबांस, नमस्कार.

आज मी जमिनीवर नाही. सांगते का ते.

आजवर कुणी वापरली नव्हती इतकी बारीक जाळी मी घेतली होती. जाळी जितकी बारीक तितकं चित्र खऱ्याच्या जवळ, असं आमच्यात धरतात. परवा सगळ्या चित्रांची सरासरी काढली, आणि बाबा, तो हलका कण दिसतोय. नुसता दिसत नाही, आकडा असा स्थिर आहे की विचारू नका. मशीनने महिनोन्महिने चित्रं काढली, पण पहिल्या ढिगातून काढा की शेवटच्या, उत्तर तेच. आमच्या उत्तराबरोबर चूकभूल किती तेही सांगावं लागतं. माझी चूकभूल इतकी लहान आली की आलेखावर ती ठिपक्याच्या मागे लपून गेली.

आमच्या गटाच्या थोरल्या बाई कुणाचं सहजासहजी कौतुक करत नाहीत. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, मेमधल्या मोठ्या सभेत हे तूच मांडायचंस. माझी नोकरी उन्हाळ्यात संपते. ती पुढे वाढणार की नाही, हे त्या सभेवर ठरेल असं त्या बोलल्या नाहीत, पण मला कळायचं ते कळलं. फक्त शेजारच्या टेबलावरचा लांब्या, आमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात शंकेखोर, तेवढा म्हणाला, "फारच गुळगुळीत आहे." मी म्हटलं, तुझा पोटशूळ आहे तो.

चष्मा अजून आला नाही. सध्या काडी चिकटपट्टीने बांधलीय आणि तडा गेलेल्या काचेतून प्रत्येक ओळ दोनदा दिसते. घाई नाही, तुमच्याकडे गिऱ्हाइकांची वर्दळ असेल. तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर निघताना मला फार भीती वाटली होती, आईशिवाय तुम्ही कसे राहाल याची. पण तुम्ही माझ्यापेक्षा पक्के निघालात.

भिंगरी

२२ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

शाब्बास. बातमी ऐकून मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, म्हणजे बघ. मग पुन्हा मागच्या पानापासून वाचायला घेतलं.

इथे सगळं नेहमीसारखं. सकाळी शटर वर करतो, तीन-चार गिऱ्हाइकं होतात. दुपारी जरा डोळा लागतो. मांजर खिडकीत उन्हात झोपलेलं असतं. तुझ्या मापाची फ्रेम सध्या शिल्लक नाही, मागवली आहे. आली की काच बसवून लगेच पाठवतो.

सभेला जाताना गरम कपडे ने.

बाबा

६ मे

ती. बाबांस, नमस्कार.

एप्रिलमधलं तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला, कारण माझं सगळं मुसळ केरात गेलंय. आज मन मोकळं करते, आणि त्यानंतर मला तुम्हाला काहीतरी विचारायचंय. तेव्हा पत्र मध्येच खाली ठेवू नका.

सभेची तयारी करत होते. लांब्या येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पिळाचा आलेख दाखव." पीळ म्हणजे काय सांगते. तुमचा कंबरेचा पट्टा घ्या, त्याला एक पीळ द्या आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाका. आता पट्टा कितीही झटका, पीळ इकडचा तिकडे सरकेल, पण जाणार नाही. माझ्या जाळीतही शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडलेलं असतं, हिशेबाला सोपं पडतं म्हणून. डिंकात असे पीळ सतत पडायला आणि सुटायला हवेत. कधी एक, कधी दोन, कधी उलट्या दिशेचा, कधी एकही नाही. हे सगळे प्रकार चित्रांत आले तर ती सरासरी खरी. जाड जाळीत पीळ फटींमधून निसटतो. बारीक जाळीत त्याला फटच मिळत नाही.

आमच्यात हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण आकडा इतका देखणा होता की पिळाचा आलेख काढून बघायचं मी आज-उद्यावर ढकललं. लांब्यासमोर काढला. पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत एकच आकडा, बाबा. पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. मशीन इतके महिने चाललं, तापलं, वीज खाल्ली, आणि होतं तिथेच बसून राहिलं. मी जिला स्थिर समजत होते ती गोष्ट अडकलेली होती. माझी चूकभूल लहान नव्हतीच, मी एकच चित्र पुन्हा पुन्हा मोजत होते.

लांब्या हसला नाही. त्याने खुर्ची ओढली आणि शेजारी बसून राहिला. मला एकदम तुमचा ड्रायव्हर आठवला. माझ्या मशीनने तक्ता पाठ केला होता, आणि मी त्याला वा, वा म्हणत होते.

रविवारी सकाळी मन कशात लागेना, म्हणून बरं वाटावं यासाठी तुमची पत्रं काढून बसले. एकापाठोपाठ एक वाचली. आधी कधी अशी सलग वाचली नव्हती. बाबा, तिन्ही पत्रांत मास्तर मागच्या पानापासून वर्तमानपत्र वाचताहेत. तिन्ही पत्रांत गिऱ्हाइकं तीन-चार. मांजर फेब्रुवारीपासून त्याच उन्हात, त्याच फ्रेमांमध्ये झोपलंय, एकदाही उठलेलं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. समोरच्या न्हाव्याशी नाही, वीजवाल्याशी नाही, मास्तरांशीसुद्धा नाही. भांडणाशिवाय तुमचा एक आठवडा गेलेला मी जन्मात पाहिला नाही. आई म्हणायची, यांचा आवाज चढला नाही तर तब्येत बघावी लागते.

आणि चष्मा. जगात काहीही होवो, माझा चष्मा तुम्ही दोन दिवसांत केला असता.

मला तुम्हाला खोटं पाडायचं नाही. इथे मीच उघडी पडलेय, मी कुणाला काय बोलणार. पण तुमचीच लेक आहे, म्हणून तुमच्याच शब्दांत सांगते. आता तक्ता उजवीकडून वाचा. दुकान उघडं आहे का?

भिंगरी

१४ मे

चि. भिंगरी,

तुला शिकवलं ते बापाची परीक्षा घ्यायला नाही. पत्रं काय लिहावीत आणि मांजराने कुठे झोपावं हे मला कळतं. दुकान माझं आहे, उघडीन नाहीतर कायमचं कुलूप लावीन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसंच समज हवं तर.

तुझं काम फसलं याचं वाईट वाटलं. तू तुझी मशीनं सांभाळ.

बाबा

२८ मे

ती. बाबांस, नमस्कार.

तुमचं हे पहिलं पत्र ज्यात मांजर झोपलेलं नाही. वाचून रडले, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. हा तुमचा आवाज आहे. रागावलेले असलात तरी तुम्ही आहात हे कळलं.

सभेचं सांगते. मी बाईंकडे गेले आणि पिळाचा आलेख त्यांच्यासमोर ठेवला. मला वाटलं, आता आपला गाशा गुंडाळायचा. त्यांनी एवढंच विचारलं, की हे तुझ्या आधी कुणाच्या लक्षात आलं, आणि मी लांब्याचं नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "सभेत उभी राहा. फक्त आता हे सांगायला उभी राहा." उभी राहिले. हलका कण सापडला असं सांगायला निघाले होते आणि तो सापडला की नाही हे मला माहीत नाही, असं सांगून खाली बसले. टाळ्या बेताच्याच पडल्या. नोकरीचं अजून कुणी काही बोललेलं नाही.

यावर उपाय आहे. जाळीची दोन टोकं एकमेकांना जोडायचीच नाहीत, मोकळी सोडायची. मग पीळ टोकाकडे सरकत जातो आणि सुटतो, नवा आत येतो. यात तोटाही आहे. टोकांजवळचा सगळा भाग बिघडतो, तिथलं मोजलेलं धरता येत नाही, सरळ फेकून द्यावं लागतं. हिशेब किचकट होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. लोक म्हणूनच टाळतात. मीही टाळलं होतं.

आईचं मी इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुम्ही लिहीत नव्हतात. तुम्ही लिहीत नव्हतात, कारण मी लिहीत नव्हते. मला तिची फार आठवण येते, बाबा. बाजारात कुणी दुसऱ्या बाईला "हा रंग घे, शोभतो तुला" म्हणालं की मी तिथून निघून जाते.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पण दिलंत तर मला तुमचा चांगला दिवस नको. कसाही असला तरी कालचा लिहा.

भिंगरी

२५ जून

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसलो की हात आपोआप मास्तर आणि मांजर लिहायला लागायचा, म्हणून उठून जायचो.

आता खरं ते लिहितो. आई गेल्यापासून दुकान उघडलं नव्हतं. तू इथे होतीस तोवर कुणाला त्यात काही वाटलं नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खाली उतरलो, शटरच्या कुलपाला किल्ली लावली, आणि मनात आलं, आता आरसा कोण धरणार. तुला हे खुळ्यासारखं वाटेल. पण नवी फ्रेम डोळ्यांवर चढवली की माणसाला आपलं तोंड नीट दिसत नाही, कारण तीत त्याच्या नंबरची काच नसते. त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. आई आरसा जवळ धरायची आणि म्हणायची, शोभतोय. लोक तिच्या भरवशावर चष्मा घ्यायचे, माझ्या नाही. किल्ली काढली आणि वर आलो. उद्या बघू म्हटलं. मग रोजच उद्या म्हणत गेलो. दूध, भाजी दारात येत होती, तुला लिहिलेली पत्रंही दूधवाल्याच्याच हाती पेटीत पडत होती. जिना उतरायचं कारणच उरलं नाही.

पहिलं पत्र लिहिताना तुला फसवायचं मनात नव्हतं. तुला काळजी नको म्हणून एक चांगला दिवस आठवला आणि तोच लिहिला. आई होती तेव्हाचा दिवस होता तो. मांजर खरोखरच उन्हात झोपलं होतं आणि मास्तर खरोखरच मागच्या पानावर होता. आई आत चहा करत होती, तेवढं मी गाळलं. पुढच्या पत्राला दुसरा दिवस सापडेना, म्हणून पुन्हा तोच लिहिला.

तुझं पत्र आलं तेव्हा राग आला. जगाचं कुसळ काढणारा मी, माझं मुसळ माझ्या पोरीने चिकटपट्टी लावलेल्या चष्म्यातून बघावं. त्या चष्म्याचंच मनातून जाईना. चष्मेवाल्याची लेक तडा गेलेल्या काचेतून बघतेय, आणि बाप वरच्या खोलीत बसून फ्रेम मागवल्याच्या थापा मारतोय.

या महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी उतरलो. शटर गंजलेलं, गुडघ्यापर्यंत आलं आणि अडकलं. वाकून आत शिरलो. आत सगळीकडे धूळ होती. आईचा आरसा गल्ल्याशेजारी पालथा पडला होता. तो तसाच राहू दिला आणि बाकीचं पुसत बसलो. तेवढ्यात समोरचा न्हावी तेलाची बाटली घेऊन आला आणि शटरला तेल घालता घालता मला शिव्या घालायला लागला, की इतके दिवस जिवंत होतास तर आवाज तरी द्यायचा. मीही ऐकून घेतलं नाही. चांगलं कडाक्याचं भांडलो. गल्लीतली माणसं बाहेर आली. मग कळलं की मास्तर रोज त्याच्याकडे बसून वर्तमानपत्र वाचतो, आणि मांजरसुद्धा तिथेच राहायला गेलंय, खुर्चीखाली. मांजर परत माग म्हटलं तर न्हावी म्हणतो, त्यालाच विचार. मांजराने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मास्तर मात्र स्टूल उचलून परत आला. त्याला तुझं पहिलं पत्र खरोखर वाचून दाखवलं, मग पट्ट्याचंही. डिंकाचं त्याला पटलं, पट्ट्याचं नाही. स्वतःचा पट्टा काढून पीळ देऊन बघत बसला आणि विजार सावरत घरी गेला.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. जे आले ते नुसते डोकावून गेले. ते मी तुझ्या टोकाजवळच्या भागासारखं फेकून दिलं, धरलंच नाही.

मग एक बाई आल्या, जुन्या गिऱ्हाईक. फ्रेम निवडली, डोळ्यांवर चढवली, आणि थांबून राहिल्या. मला कळलं त्या कशासाठी थांबल्यात. आरसा उचलला, पुसला आणि धरला. त्या म्हणाल्या, "बाई कुठे आहेत?"

तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. कोण विचारणार, मी कुणाला दिसतच नव्हतो. मी म्हणालो, "ती गेली." मोठ्याने पहिल्यांदाच म्हणालो. म्हणालो आणि तिथेच गिऱ्हाइकासमोर रडलो, या वयात, भर दुकानात. त्यांनी माझ्या हातातून आरसा काढून घेतला, मला खुर्चीत बसवलं आणि मास्तरला पाणी आणायला पिटाळलं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, आता सांगा, कशी दिसते. मी म्हटलं, नाही शोभत. त्या हसल्या आणि दुसरी फ्रेम घेऊन गेल्या. आई असती तर पहिलीच विकली असती.

सोबत तुझा चष्मा आहे. हाताची सवय मोडली होती, दोन काचा घासताना फुटल्या. ही बसली, पण डाव्या काचेच्या कडेला बारीकसा चरा राहिलाय. पुन्हा करणार होतो. मग म्हटलं, असाच जाऊ दे, नाहीतर पुन्हा उद्या-उद्या सुरू होईल. नंबर जुनाच घातलाय. बदललेला असणार, पण तो टपालाने काढता येत नाही.

तू मला कालचा दिवस लिही म्हणाली होतीस. काल वाईट गेला. सकाळभर आईची आठवण येत होती, शटर दुपारी उघडलं. आज बरा आहे.

तुझा
बाबा

९ जुलै

ती. बाबांस, नमस्कार.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. लांब्यालाही मास्तरांचा पट्ट्याचा भाग वाचून दाखवला, तो खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

आमचं मशीन आता टोकं मोकळी सोडून चाललंय. पीळ हलायला लागलाय. माझी ती देखणी सरळ रेघ गेली, आलेख आता म्हाताऱ्याच्या सहीसारखा वेडावाकडा दिसतो. हलका कण आहे की नाही, ते अजून सांगता येत नाही. चूकभूल एवढी मोठी झालीय की तिच्यात दोन्ही उत्तरं आरामात बसतात. तरी बाई तो आलेख बघून म्हणाल्या, आता हे बोलतंय खरं. त्यांनी माझी नोकरी एका वर्षाने वाढवून घेतलीय. मी आनंदाने रडले तेव्हा त्यांनी दुसरीकडे बघितलं, पण खोलीतून गेल्या नाहीत.

तुमच्याबद्दल काय लिहू. तुम्ही इतके महिने वर एकटे बसला होतात आणि मी इथे निर्धास्त होते, हे मला सोसत नाही. तुम्ही दुकानात रडलात याचं मात्र मला बरं वाटलं. आपण दोघांनी हे तेव्हाच एकत्र करायला हवं होतं. तुम्ही शटर बंद केलंत आणि मी मशीन चालू केलं, एवढाच काय तो फरक.

चष्मा आल्याआल्या घातला. चरा दिसतो. राहू दे, तो मला हवाच आहे. पण डावीकडचं अंधुक दिसतंय, आणि ते चऱ्यामुळे नाही, नंबरच बदललाय. तेव्हा महिनाभराची सुटी काढलीय, पुढच्या आठवड्यात येतेय. माझे डोळे नीट तपासा. तक्ता मला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून सुरुवातच उजवीकडून करा.

शटर सकाळीच उघडा. महिनाभर आरसा मी धरीन. "शोभतोय" तेवढं म्हणायला तुम्ही शिका.

तुमची
भिंगरी